कॉइल असताना दिवस जात नाहीत

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत टेस्टर असलेल्या अक्षयाला दिवस गेले, ही तशी साधी घटना. फक्त ती नियमबाह्य होती. सर्जरीच्या, म्हणजे तिथल्या दवाखान्याच्या, संगणकात तिच्या नावापुढे कॉइल, म्हणजे आपल्याकडची तांबी, ती गर्भनिरोधक तार, बसवल्याची नोंद होती, आणि कॉइल असलेल्या बाईला गरोदर दाखवण्याची सोय त्या संगणकात नव्हती.

"डिअर, सिस्टिम घेत नाहीये," रिसेप्शनवरच्या मिसेस हॉजेस म्हणाल्या. "कॉइल असताना तुम्ही प्रेग्नंट नसता."

"पण टेस्ट पॉझिटिव्ह आहे. दोनदा केली."

"मग अजून एकदा करा."

कॉइल काढल्याशिवाय मिडवाइफ, म्हणजे तिथली सुईण, नाव नोंदवेना. कॉइल काढणारं क्लिनिक गरोदर बाईला हात लावेना. नियमाप्रमाणे दोघांचंही बरोबर होतं. तार आत राहिली तर गर्भ पडायची भीती, आणि उशीर झाला तर तार काढताही येत नाही, एवढं अक्षयाने वाचलं होतं. मूल नको म्हणून जिने कॉइल बसवली, तीच आता मूल जाईल म्हणून रडत होती. तिला ते हवं होतं. का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिच्या नवऱ्याने, यतीनने, अशा वेळी नवरे करतात तेच केलं. नागपूरला आईला फोन लावला. आता गंमत अशी, की गेली दोन वर्षं "आई, प्रयत्न चालू आहेत" असं तो दर रविवारी सांगत आला होता, आणि त्या भरवशावर आई सोमवार करत होत्या. घाबरलेल्या यतीनने सगळं एका दमात ओकून टाकलं.

पलीकडे आधी टीव्ही बंद झाला.

"म्हणजे मी इकडे साबुदाणा गिळून राहिली," आई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिकडे देवाच्या वाटेत तार बांधून बसले?"

"सॉरी, आई..."

"सॉरी काऊन म्हणतोस? तारेतून आणलं की नाही शंकरानं? फोन दे तिला. अक्षया, रडू नको. पोर चिवट आहे."

दुसऱ्या दिवशी मिसेस हॉजेसनाच दया आली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कॉइल काढायला कारण लागतं. 'मूल हवंय' हे कारण सिस्टिमला चालतं. हवंय ना?"

"हवंय," अक्षया म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

काढण्यात धोका आहे, पण ठेवण्यात जास्त, असं सांगून डॉक्टरांनी कॉइल काढली. अक्षया पुढचे दिवस जीव मुठीत धरून होती. गर्भ टिकला. संगणकानेही मोठ्या मनाने गरोदरपण मंजूर केलं, कॉइल काढल्याच्या दिवसापासून. त्याच्या मते गर्भधारणा सर्जरीतच झाली, तपासणीच्या टेबलावर, डॉक्टर आणि नर्स यांच्यासमक्ष. यतीन त्या वेळी बेसिंगस्टोकला मीटिंगमध्ये होता.

मुलगी झाली. नाव ठेवलं पूर्वी. चांगली गुटगुटीत. संगणकाने तिला अपुऱ्या दिवसांची ठरवलं, आणि घरी येणारी नर्स तिच्याकडे संशयाने पाहू लागली.

"प्लॅन्ड की अनप्लॅन्ड?" नर्सने शेवटचा प्रश्न विचारला.

"अनप्लॅन्ड," यतीन म्हणाला.

"प्लॅन्ड!" बाळंतपणाला आलेल्या आई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "दोन वर्षांपासून!"

"हवी होती, असं लिहा," अक्षया म्हणाली.

तसा पर्याय नव्हता. नर्सने 'अनप्लॅन्ड'वर टिचकी मारली.

हसताय? हसा. पण तुमची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती, ते एकदा आपल्या आईला विचारून बघा. आणि उत्तर द्यायच्या आधी ती जराशी थांबली, तर पुन्हा विचारू नका.