भिकाभाऊंची टोपी

भिकाभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी डोक्यावरची पांढरी टोपी काढून तुळईवर घासत. मग ती घरच्या बाईसमोर धरून म्हणत, "बघ माय, टोपी खोटं बोलत नाय."

ऐंशीच्या सुमारास नाशिकच्या आमच्या संस्थेनं सायखेड्याकडच्या गावांत निर्धूर चुली बसवल्या. भिकाभाऊ त्या बांधणारे मिस्त्री. चूल बसली की तुळई स्वतः पुसून यायचे. पुढच्या फेरीला टोपी काळी झाली, म्हणजे घरात धूर आहेच.

आणि मी तपासणारी मॅडम! काळा चष्मा, कडक इस्त्रीची खादीची साडी, हातात फॉर्मांचं पॅड. तेव्हाची मी आज दारात आली तर मी तिला पाणीही विचारणार नाही. आमची जीप दिसली की बायका नव्या चुलीतल्या कोंबड्या हुसकून लगबगीनं जाळ करायच्या. पाहुणीचं मन कोण मोडणार? मी चहा प्यायचे आणि 'चालू'पुढे खूण करायचे.

भिकाभाऊ मागे लागायचे. "ताई, धुराडं आखूड हाय. धूर माघारी येतो. अहवालात तेवढं लिवा, म्हंजे फुडच्या गावात तरी लांब बांधू."

"भाऊ, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

"मंग टोपीच डकवा की त्याच्यावर!"

ऑफिसात त्यांची नक्कल करून मी सगळ्यांना हसवलं.

शेवटी एकच घर तपासायचं राहिलं, त्यांचं स्वतःचं. आत शिरता शिरताच मी चहाची फर्माईश केली. वर पाहिलं तर तुळई चुना मारलेली, पांढरीशुभ्र. मला चेव आला. पदराचं टोक तुळईवर घासलं. काजळीचा ठिपका नाही!

"भाऊ, हरली तुमची टोपी! तुमचीच चूल पास!" मी ठसक्यात खूण केली.

भिकाभाऊ टोपीची घडी घालत राहिले.

"पेटवायला कोण हाय, ताई? पहिली चूल माझ्या कारभारणीसाठीच बांधली व्हती. ह्या चुलीम्होरंच खोकत खोकत गेली ती. तवापासून भाकर शेजारून येती." मग घाईघाईनं म्हणाले, "बसा तुम्ही. चहा आणतो तिकडूनच."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी चहाला थांबले नाही, आणि ती खूणही खोडली नाही.

पुढच्या गावाला आखूड धुराडीच मंजूर झाली. भिकाभाऊ चुली बांधून, टोपीसाठी तिथल्या तुळया पुसून आले.