उजव्या कुशीवर

आप्पा साळवे कुठल्याही दुकानात शिरले की आधी बुद्ध शोधतात. सलूनमध्ये दाढीच्या फेसाशेजारी सापडो, चपलांच्या दुकानात गल्ल्यावर सापडो नाहीतर मोबाइलच्या टपरीत चार्जरच्या गुंत्यात सापडो. मूर्ती उचलायची, शर्टाच्या बाहीनं पुसायची आणि हात पोचेल तितक्या उंच फळीवर ठेवायची. मग दुकानदाराकडे वळून विचारायचं, "ह्यो कोन हाय?" दुकानदार "गौतम बुद्ध" म्हणाला तर निम्मी सुटका. "शोभेला ठेवलाय" म्हणाला, तर पुढचा अर्धा तास त्या दुकानात गिऱ्हाईक पाय ठेवत नाही. आणि पोट सुटलेला हसरा म्हातारा कुणी ठेवला असेल तर बघायलाच नको. "दिसातनं एकदा जेवणारा मानूस त्यो! ह्याचं पोट बघ!"

मी दत्ता, त्यांचा शेजारी. माण गावात आमची शेती होती तेव्हा आमची घरं आणि त्यांची वस्ती यांच्यामध्ये एक ओढा होता. तो मध्ये का होता, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या वाडवडिलांना ते अंतर फार सोयीचं होतं. पुढे आयटीवाले आले, आम्ही भाड्याच्या खोल्या बांधत सुटलो, ओढा पाइपात गेला आणि आमची मागची भिंत आप्पांच्या ओट्याला जाऊन भिडली. तेव्हापासून सकाळी मला आधी आप्पांचा राग ऐकू येतो, कोंबडा नंतर.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी गाडी चालूच आहे. रविवारी विहारात पोरांना आणि बायामाणसांना धम्म शिकवतात, तोही तिकीट फाडल्यासारखा. "दुःख हाय. दुःखाला कारण हाय, त्याचं नाव तृष्णा, म्हंजे हाव. हाव सुटली का दुःख सुटतं. आन् सुटायचा रस्ता हाय, आठ थांब्यांचा. नुसता पास काडून घरी बसायचं न्हाई!" मग थांबे सुरू होतात. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक वाणी. वाणीच्या थांब्यावर, म्हणजे गोड बोलावं, कठोर बोलू नये, हे सांगत असताना नेमकं मागं कुणीतरी जांभई देतं आणि आप्पा गरजतात, "उतर खाली!" हे त्यांचं पेटंट वाक्य. वादात कुणी अडाण्यासारखं बोललं की त्याला गाडीतून उतरवतात. माझ्या चुलत्यांनी एकदा सहज "बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार" असं म्हटलं. त्यांना जे उतरवलं, ते दोन वर्षं आप्पांनी आमच्या घरचा चहा घेतला नाही.

गौतम घर सोडून का गेला, हेही त्यांना विचारू नये. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून गेला, असं कुणी म्हटलं की भडकतात. "एकोणतीस वर्साच्या गड्यानं म्हातारा बघितला नव्हता व्हय? पान्यावरनं गेला त्यो! रोहिणी नदीच्या पान्यावरनं शाक्य आन् कोलीय भांडले. ह्यो म्हनला, लडाई करू नगा. ऐकलं न्हाई कुनी. म्हून घर सोडलं." ही गोष्ट त्यांनी गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत, दोन बाया हंड्यांवरून हातघाईवर आल्या होत्या तेव्हा सांगितली. बाया गप्प झाल्या. तेवढ्यात टँकरवाल्यानं पाइप काढून घेतला आणि आप्पांनी त्याची कॉलर धरली.

मी मारुंजीच्या एका सोसायटीत मॅनेजर आहे. म्हणजे लिफ्ट बंद पडली, कबुतर आलं, पार्किंगवरून दोन इंजिनिअर हिंदी-इंग्रजीत भांडले, की शिव्या खायचा माणूस मी. सकाळी चेअरमन मॅडमचा फोन आला की मी म्हणतो, "निघालोय मॅडम, रस्त्यात आहे." भिंतीपलीकडून लगेच आवाज येतो, "खोटं! चड्डीवर हाय त्यो अजून!" पंचशीलातलं चौथं शील माझ्याकडून पाळून घ्यायचा त्यांनी विडाच उचललाय. माझी नोकरी गेली तरी चालेल.

सुमनकाकी, त्यांची बायको, हे सगळं हसत सोसायची. शेवटची दोन वर्षं ती लकव्यानं अंथरुणात होती. आप्पा तिला अंघोळ घालायचे, भरवायचे, कुशीवर वळवायचे आणि वळवतानाही जगावर ओरडत असायचे. गेल्या वर्षी काकी गेली. आप्पा रडले नाहीत. काकीच्या माहेरच्यांनी दहाव्याचं नाव काढलं तेव्हा त्यांना भरल्या घरात उतरवलं, त्रिसरण-पंचशील स्वतः खणखणीत म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याशी भांडायला हजर. गाव म्हणालं, काळीज दगडाचं आहे. मीही म्हणालो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीचं क्लबहाउस तयार झालं. मॅडमनी हौसेनं फायबरचे आठ फुटी बुद्ध मागवले, उजव्या कुशीवर आडवे, हात उशाशी, डोळे मिटलेले. टेम्पोतून ते मीच उतरवून घेतले. समोर तीन मसाजच्या खुर्च्या मांडल्या आणि वर पाटी लावली, 'रिलॅक्स झोन'. शनिवारी उद्घाटन, संध्याकाळी डीजे. मूर्तीच्या पायाशी स्टार्टर्सचं टेबल.

मंगळवारी आप्पा पाण्याच्या कनेक्शनचं काहीतरी विचारायला मला शोधत तिथं आले आणि दारातच थबकले.

"ह्ये काय हाय दत्ता?"

"बुद्ध हायेत आप्पा. आराम करत्यात."

त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आराम? मरतोय त्यो मानूस! ऐंशी वर्साचा झाला, चुंद लोहारानं वाडलेलं जेवान बादलं, पोटात कळा, तरी चालत कुशिनाऱ्याला आला, शालाच्या दोन झाडांमधी आडवा झाला. ह्ये त्येचं मरान हाय! आन् मरता मरता काय सांगितलं? चुंदाला बोल लावू नगा. त्येच्या पायाशी तुमी पनीर टिक्का मांडनार?"

एक काका मसाजच्या खुर्चीत थरथरत बसले होते. ते तसेच थरथरत उठून गेले.

चार दिवस हेच. आप्पा रोज फाटकावर, वॉचमन रोज आडवा, आप्पांचं रोज एकच मागणं: पाटी काढा, खुर्च्या काढा, डीजे काढा. वॉचमन बिहारचा. त्याला आप्पांनी पहिल्या दिवशी उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी तो बुद्धगयेच्या बाजूचा निघाला म्हणून मिठी मारली. मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्या गावचा माणूस आहे, तुम्ही आवरा. लोक घाबरतात. शनिवारी गोंधळ झाला तर तुमचं बघावं लागेल." म्हणजे काय बघणार, ते मला कळलं. माझं डोकं फिरलं. मूर्ती यांनी आणायची, पाटी यांनी लावायची आणि मरायचं मी! पण मॅडमवर ओरडायची माझी हिंमत नाही. ओरडायला माणूस फाटकावर उभाच होता.

शनिवारी दुपारी मी त्यांना हाताला धरून बाजूला ओढलं. "बास करा आप्पा! फायबर हाय त्ये, फायबर! काकी गेली तवा तुमच्या डोळ्यात टिपूस न्हाई आलं, आन् ह्या खेळन्यासाठी माझी भाकरी घालवताय?"

बोललो आणि मला वाटलं, आता उतरवणार. मीच वाट बघत राहिलो.

आप्पा फाटकाशेजारच्या कठड्यावर बसले. 

"ती गेली त्या दिशी मी लवळ्यात हुतो," ते म्हणाले. "कालेजाम्होरच्या कॅफेत. त्यांनी बुद्धाचं डोस्कं टेबलाखाली पाय ठिवायला ठिवलं हुतं. पोरं त्येच्यावर बूट ठिवायची. सकाळी सुमन म्हनली, आज नगा जाऊ, बसा जरा जवळ. म्या म्हनलं, आलोच तासाभरात. चार तास भांडलो. त्ये डोस्कं उचलून आनलं, लई फुशारकीनं आनलं. घरी आलो तर तुजी आई दारात."

मला हे माहीत नव्हतं. आईनं कधी सांगितलं नव्हतं.

"बुद्धाच्या शेवटाला त्येचा शिष्य आनंद बी जवळ नव्हता," आप्पा म्हणाले. "पंचवीस वर्सं सेवा केली, पर बघवंना, म्हून दाराला धरून रडत हुता. बुद्धानं इचारलं, आनंद कुटं हाय? मग बोलवून आनला. त्यो हाकेवर तरी हुता रं. मी लवळ्यात हुतो."

मला स्वतःची इतकी चीड आली की काय करू सुचेना. मी तडक क्लबहाउसमध्ये गेलो, स्टुलावर चढून पाटी उपटली, खुर्च्यांचे प्लग ओढून काढले आणि स्टार्टर्सचं टेबल पार जिन्यापाशी सरकवलं. मॅडम धावत आल्या. "मॅनेजर! काय चाललंय?"

"मॅडम, ते झोपलेले नाहीत. मरतायत. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आता माहीत झालंय. डीजे गच्चीवर घ्या. नाहीतर मला काढा, पण आज हे इथं होणार नाही."

मॅडम मूर्तीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला. "मी तर दर सकाळी इथं येऊन त्यांच्यासारखं झोपता यावं म्हणत होते," त्या हळूच म्हणाल्या, आणि डीजेवाल्याला फोन लावायला बाहेर गेल्या.

मी आप्पांना आत आणलं. वाटलं, जिंकले म्हणून पेढे मागतील, निदान मला दोन शब्द सुनावतील. ते चपला बाहेर काढून मूर्तीच्या उशाशी फरशीवर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दत्ता, तुजी आई हुती तिच्याजवळ. वरीस झालं, रोज तिच्या म्होरनं जातो. सुमन शेवटाला काय म्हनली, इचारायचं धाडस हुईना. तू इचारशील?"

सगळ्या तालुक्याला दरडावणारा माणूस माझ्या आईला घाबरत होता.

मी आईला फोन लावला, कशासाठी ते सांगितलं आणि स्पीकर चालू करून फोन त्यांच्या हातात दिला.  आई म्हणाली, "आप्पा, तिनं दोनदा इचारलं, आले का. म्या म्हनलं, येतीलच. मग म्हनली, आल्यावर त्यांना कुनी बोलू नगा. भांडून आलेलं असत्यात, उपाशी असत्यात. आदी जेवायला वाडा." मग तिनंच पुढं सांगितलं, "म्या वाडलं हुतं आप्पा त्या दिशी. तुमी ताटाला शिवला न्हाई."

आप्पा "हं" म्हणाले. मग पुन्हा एकदा "हं" म्हणाले. पलीकडून आईनं फोन ठेवला, तरी ते तो तसाच दोन्ही हातांत धरून ऐकत बसले.