अडीच एकराची टीम

कांद्याचं रोप लागवडीला आलं आणि नेमकं त्याच आठवड्यात पिंपरी पेंढारला दिलेल्या लेकीचं, आरतीचं, ऑपरेशन निघालं. साळुबाईंना जाणं भाग होतं. निरगुडसरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत त्या नवऱ्याला तेच तेच पुन्हा समजावून सांगत होत्या. नवरा म्हणजे भगवंत गुरुजी. उभा जन्म शाळेत मराठी शिकवलेला, पुस्तकात डोकं खुपसून बसणारा आणि आपल्या शेताचा बांध कुठला ते शेजाऱ्याला विचारून सांगणारा माणूस.

"गेणभाऊला निरोप धाडायचा, टीम लावायची. बाकी तुमी कायबी करायचं न्हाई," साळुबाई म्हणाल्या.

"बरं."

"रोप जून झालं तर नुसते डेंगळे येत्याल. मग कांद्याऐवजी फुलं न्या मंचरला इकायला."

"नाही नाही. लावतो टीम."

"पैसे तुमच्या खात्यावर टाकल्यात. लागवड झाली की गेणभाऊला द्यायचं. आन् तुमी फोन करू नका, तुमचं नमस्कार-चमत्कार व्हस्तवर त्यो दुसऱ्याच्या रानात गेल्याला असतोय. समर्थला सांगा."

गेणभाऊ पिकअपमधून लागवडीच्या बायका आणायचा. पूर्वी त्याला टोळी म्हणत. आता सगळ्या भागात टीम म्हणतात. एवढं गुरुजींना ठाऊक होतं, आणि एवढंच ठाऊक होतं.

समर्थ हा त्यांचा नातू. आईबाप चाकणला कंपनीत, म्हणून हा आजी-आजोबांजवळ राहून मंचरच्या कॉलेजात शिकत होता. म्हणजे तसं सगळ्यांना वाटत होतं. गुरुजी घरी आले तेव्हा तो खाटेवर मोबाईल पोटावर ठेवून पडला होता. आता गुरुजींनी सरळ सांगायला हवं होतं, की बाबा, गेणभाऊला फोन कर. पण कुणाला काही काम सांगायचं म्हटलं की त्यांची जीभ आत ओढली जायची. म्हणून ते आज्ञेचा प्रश्न करत. त्यांनी विचारलं, "समर्थ, टीम लावली का रे?"

समर्थ ताडकन उठून बसला. "तुमाला काय म्हाईत त्यातलं?"

"न माहीत असायला काय झालं? हल्ली सगळं गावच लावतंय."

"ते हाये म्हणा." समर्थच्या चेहऱ्यावर आजोबांविषयी पहिल्यांदाच आदर दिसला. "लावली की मगाशीच."

गुरुजींच्या डोक्यावरचा हंडाच उतरला. "किती जण आहेत?"

"अकरा."

"अकराच?"

"अकराच असत्यात, आबा."

"बरं, बरं. आणि कसे आहेत?"

"एक नंबर! चार तर नुसते फिरवणारे हायेत. आन् एक डावखुरा घेतलाय, त्यो चालला ना, मग कुणाच्या बापाला ऐकत न्हाई. त्यालाच कॅप्टन केलाय. त्याचं डबल धरत्यात."

गुरुजींनी मनातल्या मनात अर्थ लावला. फिरवणारे म्हणजे वाफ्यांतून पाणी फिरवणारे असतील. मुकादमाला दुप्पट मजुरी, हेही रीतीला धरून होतं. डावखुऱ्या माणसाचा कांदा लावण्यात काय फायदा, हे काही त्यांच्या लक्षात येईना. पण विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल, म्हणून त्यांनी मान डोलावली आणि पुस्तक उघडलं.

संध्याकाळी साळुबाईंचा फोन आला. "टीम लागली का?"

"लागली. अकरा जण."

"अडीच एकराला अकरा? संक्रांतीपतोर बसत्याल त्या! तीस-चाळीस तरी पायजेत. पोराला सांगा, आणखी लाव म्हणावं."

सकाळी गुरुजींनी नातवाला गाठलं. "समर्थ, अकरानं भागायचं नाही. आणखी लावाव्या लागतील का रे?"

"आणखी?" समर्थ हरखून गेला. "एका टायमाला वीस टीम लावता येत्यात. पण आबा, पैसे?"

"आहेत की. आजीनं त्यासाठीच खात्यावर टाकलेत."

"आज्जीनं?"

"मग! तिलाच तर घाई आहे."

समर्थ उठून आजोबांच्या जवळ आला. मग हळूच म्हणाला, "मोठ्यात लावू का छोट्यात?"

"मोठ्यात. आपलं रान मोठं आहे."

समर्थनं मान वर करून आजोबांकडं पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "तुमचा मोबाईल द्या. तुमच्याच नावावर लावतो."

"लाव की. सातबाराही माझ्याच नावावर आहे."

बँकेचे आकडे मोबाईलवर आले. गुरुजींनी ते वर्गात कविता म्हणून दाखवावी तसे स्वच्छ, ठणठणीत वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशीही दाखवले. तिसऱ्या दिवशी तर समर्थनं मागण्याआधीच दाखवले.

शेताकडं ते फिरकले नाहीत. बायका कामाला असताना बांधावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे काही तरी बोलावं लागणार. आणि बोलायचं काय? त्याऐवजी ते संपतच्या सलूनमध्ये दाढीला गेले. तिथं चार पोरं मोबाईलमध्ये माना घालून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा गुरुजींकडं सांगण्यासारखी बातमी होती.

"वीस टीम लावल्या आम्ही," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले.

चारही माना वर आल्या. संपतचा वस्तरा हवेत राहिला.

"गुरुजी, तुमीसुद्धा?" एका पोरानं विचारलं.

"करावं लागतं बाबा. घरातली बाई गावाला गेली की सगळं आपल्यावरच येतं."

"आन् मोठ्यात लावल्या?"

"मोठ्यातच. छोट्यात काय अर्थ आहे?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं तर उठून गुरुजींच्या पायाला हात लावला. एवढ्यात दारात पिकअप थांबली आणि गेणभाऊनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"राम राम गुरुजी. औंदा कांदा लावायचा न्हाई व्हय?"

"म्हणजे? लावताय की तुम्ही! वीस टीम आहेत ना शेतात?"

"वीस?" गेणभाऊ म्हणाला. "माज्याकडं टीमच एक हाये राव, आन् ती दोन दिवस झालं महाळुंगे पडवळला हाये. तुमच्या फोनची वाट बघून मी दुसरीकडं शब्द दिला."

मग एक पोरगं फिस्सकन हसलं. "गेणभाऊ, गुरुजींच्या टीमा रानात नसत्यात. मोबाईलमधी असत्यात. किरकेटच्या!"

मग सगळ्यांनी मिळून गुरुजींना समजावून सांगितलं. सरकारनं असली ॲपं बंद करण्याच्या आधीचा हिवाळा होता तो. अकरा खेळाडू निवडायचे, मोठ्या नाहीतर छोट्या बक्षिसाच्या स्पर्धेत पैसे लावायचे, खेळाडू मैदानात खेळतील तसे इकडं पॉइंट पडायचे. लाखो माणसं लावायची, चार-दोन जिंकायची, आणि बाकीची उद्या जिंकायची.

"मग हा जुगारच झाला की," गुरुजी पुटपुटले.

"जुगार न्हाई गुरुजी, डोक्याचा खेळ हाये," पोरगं म्हणालं. "मी यात मोटारसायकल घालवलीय, ती काय उगंच?"

गुरुजी अर्धी दाढी करून घरी निघाले. उरलेल्या अर्ध्या गालावर साबण होता, हे त्यांना घरी आरशात दिसलं.

समर्थला काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवून ठेवलं होतं. जुगाराचे दुष्परिणाम या विषयावर त्यांनी पोरांकडून निबंध लिहून घेतले होते, त्यामुळं मुद्दे तोंडपाठ होते. पण समर्थनं आधी खात्यातली शिल्लक दाखवली आणि मुद्दे घशातच राहिले. निम्म्याहून जास्त पैसे गेले होते.

"तुमी त्या टीमचं बोलत व्हता व्हय?" समर्थ जमिनीकडं बघत म्हणाला. मग घाईनं पुढं म्हणाला, "पण आबा, आज एक टीम निघाली ना, तर सगळं वसूल व्हतंय. आज्जी यायच्या आत. उद्या गेणभाऊ, परवा लागवड."

इथं गुरुजींनी मोबाईल काढून घ्यायला हवा होता. निदान निबंधातला एक तरी मुद्दा सांगायला हवा होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढं साळुबाई एसटीतून उतरताना दिसल्या, आणि ते म्हणाले, "किती लागतील?"

आणि एवढ्यावरच ते थांबले नाहीत. पोराला निवडता येत नाही, वाचन कमी पडतं, असं ठरवून त्यांनी रद्दीतली वर्तमानपत्रं खाली घेतली. दुपारभर खेळाचं पान वाचून त्यांना एक फिरकी गोलंदाज सापडला. दौऱ्यावर जाताना तो बॅगेत पुस्तकं नेतो, असं छापलं होतं. "याला कॅप्टन कर," गुरुजी म्हणाले. "वाचणारा माणूस दगा देत नाही."

सगळ्या टीमांत कॅप्टन तोच ठेवला. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसले. गुरुजी मांडी घालून बसले होते ते उकिडवे झाले, मग उभे राहिले. एक झेल सुटला तेव्हा त्यांच्या तोंडून असा शब्द गेला, की समर्थनं वळून पाहिलं. पण कॅप्टन काही दिसेना. शेवटी दिसला. पिवळं जाकीट घालून तो मैदानात धावत आला, दोघांना पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि धावत परत गेला.

"आबा," समर्थ कोरड्या आवाजात म्हणाला, "त्यो आज खेळतच न्हाई."

पैसे संपले होते. पण गुरुजींना त्याहून जास्त लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. सबंध सामना संपेपर्यंत त्यांना एकदाही कांद्याची आठवण झाली नव्हती.

साळुबाई सकाळच्या गाडीनं आल्या. घरी न येता थेट शेतात गेल्या, आणि मग घरी आल्या. गुरुजी दारातच उभे होते. "पैसे मी लावले. क्रिकेटवर," ते एका दमात म्हणाले. "गेले." पुढचं मागचं सगळं सांगताना त्यांनी समर्थचं नाव शक्य तितकं कमी घेतलं. समर्थ खांबाला टेकून ऐकत होता.

साळुबाई ओरडल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्या पायरीवर बसल्या. "एवढ्या वर्सांत पयल्यांदा शेतीत लक्ष घातलंत," त्या म्हणाल्या, "आन् ते ह्ये असं."

मग त्या उठून गेणभाऊकडं गेल्या. महाळुंगे पडवळचं काम उरकलं होतं, त्यामुळं पैसे पुढच्या पेन्शनीतून, या बोलीवर त्यानं टीम आणायचं कबूल केलं. मात्र साळुबाईंनी घरातलीही दोन माणसं कमी मजुरीत, म्हणजे फुकट, देऊ केली. त्यामुळं दुसऱ्या दिवशी ओल्या वाफ्यात बायकांच्या रांगेत गुरुजी आणि समर्थ शेजारी शेजारी उकिडवे बसले होते.

"गुरुजी, हळूहळू," एक बाई म्हणाली. "इथं पॉइंट न्हाई पडत, नुसती कंबर पडती."

सगळी रांग हसली. गुरुजींनी मान आणखी खाली घातली. बायका भराभर पुढं सरकल्या आणि आजा-नातू मागं राहिले.

"आबा," समर्थ वर न बघता म्हणाला, "रान मोठं हाये म्हणला ना, तवाच कळलं व्हतं मला."

"काय?"

"तुमी कुठल्या टीमचं बोलताय ते."

रागवावं, असं गुरुजींना वाटलं. पण तो डावखुरा त्यांना पहिल्याच दिवशी खटकला होता, आणि तरी ते गप्प बसले होते.

"मलाही जरा शंका आली होती," ते म्हणाले.

"मग इचारलं का न्हाई?"

"लाज वाटली."

"मला बी." समर्थनं दोन रोपं लावली. मग आवाज आणखी खाली आणला. "आणखी एक हाये. पप्पांनी फी दिली व्हती, ती बी गेलीय. दिवाळीच्या आधीच. कॉलेजात नावच न्हाई माजं. रोज मंचरच्या स्टँडवर बसून माघारी येतो मी."

गुरुजींनी हातातलं रोप तसंच चिखलात खोचलं.

"आज्जीला तुमीच सांगा ना. तुमाला तशीबी ती बोललीच हाये."

हे खरं होतं. ज्याची अब्रू मुळातच गेली आहे, त्यानं आणखी थोडी घालवायला हरकत नव्हती. गुरुजी गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि चिखलाचे पाय ओढत बांधावर गेले. साळुबाई तिथं रोपाच्या जुड्या सोडत होत्या. गुरुजींनी समर्थच्या फीचं पहिलं वाक्य कसंबसं पुरं केलं. साळुबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, "पुढचं तुमी सांगू नका. ज्याचं त्याला येऊन सांगू दे."

गुरुजी परत आले. "तुला बोलावलंय."

"तुमी चला ना संगं."

"नको. मी इथून दिसतो तुला."

समर्थ उठला. वाफ्यांच्या कडेकडेनं, पाय घसरत घसरत तो निघाला. मधे एकदा थांबून त्यानं मागं पाहिलं. गुरुजींनी त्याला मातीचा हात हलवून दाखवला आणि त्याची अर्धी राहिलेली ओळ लावायला घेतली. नजर मात्र बांधावर होती. समर्थ आजीपुढं उभा राहिला. मग साळुबाईंनी रोपाच्या जुड्या बाजूला सारल्या, बांधावर थोडी जागा केली, आणि तो खाली बसला.

"अगं बया!" रांगेतली बाई ओरडली. "आवो गुरुजी, मुळं वर आन् पात खाली लावताय तुमी! मगापासनं!"