पांढऱ्या बटणाची गिटार

१९६४ साली अमरावतीच्या स्वररंजन मंडळापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. मंडळाचा वाद्यवृंद उत्तम होता. परंतु त्यातल्या शफीकची लाकडी गिटार पुढच्या दोन-तीन रांगांपलीकडे पोचत नसे. मागचे श्रोते तेवढा वेळ फुटाणे खात आणि सरकीच्या भावाची चर्चा करीत. या परिस्थितीची दखल घेऊन विजेवर वाजणारी गिटार खरेदी करण्याचा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

खरेदीसाठी अध्यक्ष बापूसाहेब राजूरकर वकील आणि खुद्द शफीक मुंबईला गेले. शफीकचे वडील इतवाऱ्यात कापड विकत. मुलाने गजाऐवजी गिटार हाती धरली, याचे दुःख त्यांना होतेच. पण मुलगा वाजवू लागला की गिऱ्हाईक रेंगाळते, हेही त्यांच्या लक्षात आले होते.

दुकानदाराने एक साधी गिटार दाखवली. शफीकने ती वाजवली आणि त्याचा चेहरा उजळला. एवढ्यात दुकानदाराने आतून दुसरी आणली. रंग मोरपंखी, आणि नेहमीच्या बटणांशेजारी एक जास्तीचे पांढरे बटण.

"ही कारखान्यातच खास बदल करून घेतलेली. असा नग दुसरा नाही," तो म्हणाला. "किंमत अर्थातच तिप्पट."

"हे पांढरं बटण कशाचं?" बापूसाहेबांनी विचारले.

"साहेब, जाणकाराला ते सांगावं लागत नाही."

बापूसाहेबांनी ताबडतोब मान हलवली. वकील मान हलवतो आहे म्हटल्यावर शफीकनेही हलवली. व्यवहार झाला. परतीच्या गाडीत दोघेही बराच वेळ एकमेकांकडे अपेक्षेने पाहत होते. मग उतरायचे बडनेरा स्टेशन आले.

तिप्पट किंमत भागवण्यासाठी तबल्याची पुडी, नव्या सतरंज्या आणि पेटीची दुरुस्ती हे खर्च रद्द करण्यात आले. गिटार बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवली गेली. पाहुणे येऊन पाहून जात. सराव मात्र जुन्या लाकडी गिटारीवर चाले.

"वाजवायची केव्हा?" बापूसाहेबांच्या पत्नी सिंधूताईंनी विचारले.

"वाजवल्यानं झिजते. एकमेव नग आहे तो."

"मग आणली कायले? पाहाले तर माझी शिलाई मशीनही चांगली आहे!"

शफीक रोज संध्याकाळी येऊन काचेपुढे बसे. "वकीलसाहेब, एकडाव हातात तं द्या," तो म्हणे. बापूसाहेब कपाट उघडत, तारांना स्पर्श करू देत आणि पुन्हा कुलूप लावत. पांढरे बटण विनाकारण फिरवू नये, असा स्वतंत्र ठराव कार्यकारिणीने केलाच होता.

अखेर अकोल्याला वाद्यवृंदांची स्पर्धा जाहीर झाली आणि गिटार बाहेर निघाली. मंडळाच्या जाहिरातीत शफीकचे नाव बारीक अक्षरांत होते. 'खास बदल केलेली एकमेव गिटार' हे शब्द ठळक होते.

त्या संध्याकाळी शफीकने असे वाजवले, की मागच्या रांगांतले फुटाणे थांबले. मनातला सूर बोटांतून निघून थेट दारापर्यंत जातो आहे, हे तो आयुष्यात प्रथमच अनुभवत होता. त्याचे डोळे भरून आले. त्याच क्षणी पुढच्या रांगेतून बापूसाहेबांनी खूण केली: बटण!

शफीकने बटण फिरवले. आवाज बंद झाला. सपशेल बंद.

घाबरून तो ते उलट फिरवू लागला. काही फरक पडला नाही. बटण अडकले होते. थांबावे तर मंडळाची अब्रू जाणार. तो तसाच वाजवत राहिला. घाम गळत होता, बोटे पळत होती, साथीदार गोंधळून थांबले होते आणि सभागृहात फक्त पंखे ऐकू येत होते. कोणीतरी खोकले. मग पुढच्या खुर्चीवरच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी डोळे मिटले आणि ते पुटपुटले, "वा!"

क्षणभरात सगळे सभागृह डोळे मिटून बसले. टाळ्या संपता संपेनात. पहिला क्रमांक देताना परीक्षकांनी 'शेवटच्या भागातील सूक्ष्म सुरावटीं'चा खास उल्लेख केला.

"आन् पहिले जे वाजोलं ते?" बाहेर आल्यावर शफीकने विचारले.

"तेही बरं होतं," बापूसाहेब म्हणाले. "पण तसं कोणीही वाजवतं."

चांदूर बाजारापासून वाशीमपर्यंत आमंत्रणे आली. सगळ्यांची अट एकच, पांढऱ्या बटणाचा भाग मोठा ठेवावा. शफीकने बटण दुरुस्त करण्याची मागणी केली. कारखान्याने केलेल्या बदलात बदल केल्यास नगाची किंमत उतरते, असे कारण देऊन कार्यकारिणीने ती फेटाळली.

"मंग बशवा कोनालेही," शफीक म्हणाला. "मले आयकू येनारं वाजवाचं आहे." तो लाकडी गिटार घेऊन निघून गेला. त्या उन्हाळ्यात तो मावसभावाच्या लग्नात मांडवातल्या माणसांमध्ये बसून वाजवत राहिला. ज्यांना ऐकू येत नव्हते, ते जवळ सरकले.

शफीकच्या जागी कार्यकारिणीने चिटणीस पुंजाजींना बसवले. त्यांना गिटार येत नव्हती. ती अडचण नव्हती. अमरावतीच्या कार्यक्रमाचे तिकीट दुप्पट झाले, शिवाय पुढच्या खुर्च्यांसाठी 'खास' तिकीट वेगळे. पुंजाजींनी तारांवरून बोटे फिरवायला सुरुवात केली आणि प्रेक्षागृह तल्लीन झाले.

मागून एक माणूस उठला. "अहो, काहीच आयकू येऊन नाही राहिलं!"

आसपासच्यांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. दारावरच्या स्वयंसेवकाने त्याचे तिकीट हातात घेतले, उजेडात धरले आणि शांतपणे सांगितले, "तुमचं तिकीट साधं आहे."

तो माणूस ओशाळला आणि जास्तीचे पैसे भरायला खिडकीशी गेला. तिथे आधीच मोठी रांग होती. सगळी शिकलीसवरलेली, घरी दोन-चार पुस्तके वाचणारी माणसे. आपल्यासारखीच.