शेवटचा स्क्रू

बेलीफ दुकानात शिरला आणि त्याच्यामागून घड्याळजीची माजी बायको. कोर्टाचा हुकूम बेलीफच्या हातात होता, पण तो तिच्याच चेहऱ्यावर जास्त ठळक दिसत होता. घटस्फोटाला चार महिने झाले होते आणि पोटगीचा पहिला हप्तासुद्धा आला नव्हता. सोमवारपर्यंत भाडं नाही मिळालं तर खोली सोडा, असं घरमालकिणीने बजावलं होतं. संसाराबरोबर तिने ‘अहो’ म्हणणंही सोडलं होतं.

“जप्तीला आलोय,” बेलीफ म्हणाला. “तुमच्या मालकीचं काय काय आहे?”

घड्याळजीने भिंतीवरून, कपाटावरून नजर फिरवली. “ही सगळी घड्याळं गिऱ्हाइकांची. माझं म्हणाल तर हे स्टूल.”

स्टूल तीन पायांवर उभं होतं. चौथा नावापुरता होता.

“आणि हत्यारं?” तिने विचारलं.

“धंद्याची हत्यारं जप्त करता येत नाहीत, बाई.”

“मग दुकानालाच सील ठोका.”

बेलीफ खाकरला. “त्याचं काय आहे, माझ्या वडिलांचं घड्याळही इथंच पडलंय. तीन महिने झाले.”

ती चपापली. सोळा वर्षांत या माणसाने तिला असंख्य वेळा ताटकळत ठेवलं होतं, पण गिऱ्हाइकाला एकदाही नाही. तिने ड्रॉवर ओढला. आत घड्याळं ओळीने पडलेली, साफ केलेली, जुळवलेली, आणि प्रत्येकाचा शेवटचा बारीक स्क्रू शेजारी काढून ठेवलेला.

“दिसत नाहीत ते,” घड्याळजी पुटपुटला. “ते तूच बसवायचीस.”

“दहा वर्षं सांगतेय, चष्मा घ्या म्हणून.”

“चष्म्यात म्हातारा दिसतो मी.”

“अहो, बघायला घरी आता आहे कोण?”

‘अहो’ तोंडातून निसटलं होतं. बेलीफ घाईघाईने हातातला हुकूम वाचू लागला.

तिने पदर खोचला, स्टूल ओढलं आणि चिमटा उचलला. पहिलं घड्याळ बेलीफचं. ते चालू झालं तसं त्याने कानाला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग पैसे चुकते करून त्याने आपणहून गिऱ्हाइकांची वही घेतली आणि फोन लावायला बसला. “बेलीफ बोलतोय. तुमचं घड्याळ तयार आहे.” एरवी घड्याळजीच्या चार चार निरोपांना दाद न देणारी माणसं धापा टाकत आली.

संध्याकाळी गल्ला मोजला. चार महिन्यांची पोटगी चुकती झाली, वर थोडे उरले. बेलीफने ‘पूर्ण वसुली’ असं लिहून सही घेतली. ती पर्स बंद करून दारापर्यंत गेली आणि थबकली.

“म्हणजे आज माझी पोटगी मीच कमावली.”

“दोनदा चहा मी केला,” घड्याळजी हळूच म्हणाला.

तिला हसू आलं, आणि आलं म्हणून रागही आला. “उद्या दहाला येते. पोटगी वेगळी, पगार वेगळा. आणि हे उरलेत त्यात चष्मा.”

“येशील ना खरंच?” त्याचा चेहरा उजळला, मग पडला. “पण पगार थकला तर?”

बेलीफने मनगटावरच्या वडिलांच्या घड्याळात पाहिलं.

“मी येईन की,” तो म्हणाला. “आता उशीर व्हायचा नाही.”