नळावरची पकड

लेकानं परदेशी हत्यारांची पेटी घरात आणली आणि त्याची नजर थेट मोरीतल्या नळावर गेली. नळाची चावी तुटून जमाना झाला होता. तिच्या जागी आईच्या माहेरची पकड चावून बसलेली. पाणी हवं, तर पकड फिरवा. घरातली पोरं तर नळ असाच असतो, असं समजून वाढली.

"आज ही गंजकी बाद," लेक म्हणाला. "पेटीभर हत्यारं, किंमत एका पकडीची! आणि माल बाहेरचा."

"बाहेरचाच राहिला असता तर बरं होतं," आई म्हणाली. "ही माझ्या बापानं दिलीय. इथलं लोखंड आहे. तुझ्या पेटीनं नळ सुधारला, तर खुशाल भंगारात दे."

लेकानं जुनी पकड काढून फेकली. आईनं ती उचलून कमरेला खोचली आणि पाट टाकून मजा बघत बसली.

नव्या पान्यानं नळाचा दांडा धरताच पान्याचाच जबडा फाकला. स्क्रूड्रायव्हर लावला, तर तो ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. शेवटी नवी पकड लावून लेकानं जोर केला. नळ भस्सकन उघडला आणि पकडीचा एक पाय हातात आला. पेटीतला थर्माकोल वाहत जाऊन मोरीच्या तोंडाशी बसला. पाणी निघालं स्वयंपाकघराकडे. सून बादल्या घेऊन धावली.

खालच्या काकू ओरडल्या, "अहो, आमचं छत गळतंय!"

"आई, पकड दे!"

"कुठली रे? गंजकी?"

"आई, पाणी बघ!"

"बघतेय की. कुठली म्हणालास?"

"चांगली! आजोबांची! दे गं बाई!"

आई सावकाश उठली. पकड लावून एक पीळ दिला. नळ गप्प.

मग तिनं पकडीवरून मायेनं पदर फिरवला, तसा गंजाचा पापुद्रा निघाला. सून वाकून बघू लागली. "अगंबाई! आई, यावर अक्षरं आहेत. पेटीवर ज्या देशाचं नाव आहे ना, तेच!"

"काहीतरीच!"

बाबांनी दारातून डोकं आत घातलं. "अगं, तुझ्या वडिलांबरोबर मीच होतो बाजारात. ढिगातून उचलली. स्वस्तात मिळाली म्हणून काय खूश होते!"

लेकानं तोंडावर हात ठेवला.

"दात काय काढतोस? खाली जाऊन काकूंचं घर पुसून ये," आई म्हणाली. तो गेल्यावर तिनं पकड काढली, उलटी केली आणि अक्षरं भिंतीकडे करून पुन्हा घट्ट बसवली.