काटेसाहेबांच्या न्हाणीघरातला काटा

काटेसाहेब सकाळी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभे राहिले आणि खाली पाहताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परवापेक्षा दोन किलो जास्त! त्यांनी उतरून चष्मा पुसला, पुन्हा चढले. काट्याला काही दया आली नाही.

काटेसाहेब हे त्यांना बाजाराने दिलेलं नाव. उभी नोकरी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासण्यात गेली होती. ते गल्लीत शिरले की दुकानदार आधी काटे पुसायला लागत. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्याच हृदयाचा पंप मंदावला, अंगात पाणी साठू लागलं आणि साहेब रुग्णालयाच्या हृदय पथकाच्या ताब्यात गेले. पथक म्हणजे अगदी पथकच! डॉक्टर, गोळ्यांचा मेळ घालणारे औषधवाले, जेवणातलं मीठ काढून घेणाऱ्या आहारबाई, दम न लागता चालायला शिकवणारा व्यायामवाला आणि या सगळ्यांची मोट बांधणाऱ्या सिस्टर. सिस्टर रोज सकाळी फोन करत. दोन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी सांगायचं, हा त्यांचा नियम.

आणि नेमकं रविवारी साहेबांना आक्काकडे जायचं होतं. आक्का म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. रविवारी ती ऐंशीची होत होती, लांबच्या गावी राहत होती, आणि आजारपणामुळे साहेबांना कितीतरी दिवसांत तिचं तोंड दिसलं नव्हतं. "वजन स्थिर राहिलं तर खुशाल जा," असं सिस्टर म्हणाल्या होत्या. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या गच्चीवर खारे शेंगदाणे आडवे आले.

साहेबांनी दाराला कडी लावली, काटा उलटा केला आणि सुई मागेपुढे करणारं चाक फिरवलं. जन्मभर ज्या गुन्ह्यासाठी लोकांच्या दुकानांना टाळं ठोकलं, तोच गुन्हा करताना ते सारखे कडीकडे बघत होते. त्या नादात चाक जरा जास्तच फिरलं. रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या मागे दडलेली कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी वर टॉवेल टाकला.

"एक किलो कमी झालंय, सिस्टर," त्यांनी फोनवर सांगितलं.

"कमी? जेवताय ना नीट? चक्कर येते का?"

"छे! एकदम... ठणठणीत."

"काका, मध्ये का थांबलात?"

"चहा... पीत होतो."

सिस्टरांनी फोन ठेवला, पण विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा साहेब अंघोळीला गेले होते. फोन बायकोने घेतला, आणि ती आनंदाने नुसती उतू जात होती.

"सिस्टर, तुम्ही दिलेला काटा फार गुणाचा हो! माझंसुद्धा वजन उतरलं! एका रात्रीत तीन किलो!"

"तुम्हीही आजारी आहात का काकू?"

"आजारी? अहो, काल दोन वेळा पोटभर जेवले मी! वर रात्री आइस्क्रीमही खाल्लं."

मग सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काकू, घरात पिठाची बंद पिशवी आहे? ती जरा काट्यावर ठेवून बघता?"

साहेब बाहेर आल्याबरोबर बायकोने पाच किलोची पिशवी आत नेऊन काट्यावर ठेवली. सुई दोनवर येऊन थांबली. आता बायकोने यावरून काट्याबद्दल शंका घ्यायला हवी होती. पण जन्म वजनमापांच्या साहेबांबरोबर काढलेला! तिला पहिली शंका दुकानदाराची आली.

"तीन किलो पीठ मारलं मेल्याने! आणि तेही काटे तपासणाऱ्या साहेबांच्या घरचं!" असं म्हणत तिने पिशवी काखोटीला मारली आणि चप्पल घातली.

"अगं, थांब..." साहेब मागे धावले आणि दारातच बसले. त्यांना दम लागला होता.

कोपऱ्यावरच्या दुकानात हा हा म्हणता गर्दी जमली. दुकानदाराने चार लोकांच्या साक्षीने पिशवीचं वजन केलं. पाच किलो भरली, गुंजभर इकडेतिकडे नाही. या दुकानदाराला साहेबांनी एकदा भर बाजारात दंड केला होता. असा दिवस आयुष्यात पुन्हा येत नाही, हे त्याला बरोबर कळलं. आपला शिक्का मारलेला काटा उचलून तो थेट साहेबांच्या घरी आला, मागे निम्मी गल्ली.

"साहेब, तपासणीला आलोय. घरातला काटा दाखवता?"

साहेब दाराला टेकून बसलेले. चप्पल घालावी तर पाय आत जाईना, इतके पाय सुजलेले. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम मावळलं. त्याने काटा खाली ठेवला आणि साहेबांना हात दिला.

"काटा राहू द्या हो. आधी रिक्षा आणतो."

रुग्णालयात साहेब मान खाली घालून बसले. स्वतः चोर पकडला की ते पंचनामा करत, चारचौघांत झापत. आता आपली पाळी, अशी त्यांची खात्री होती. पण इथे चोर कुणी शोधेचना! डॉक्टरांनी छाती तपासली, सिस्टरांनी शिरेतून औषध सुरू केलं, आहारबाईंनी खाण्यापिण्याची चौकशी अशी केली की साहेबांनी आपण होऊन गच्चीवरचे शेंगदाणेही सांगून टाकले.

"वजन उतरलेलं बघून तुमची पाणी काढायची गोळी कमी करायचं ठरत होतं," डॉक्टर म्हणाले. "औषधवाल्यांनी अडवलं. म्हणाले, माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय नको."

"आणि सिस्टर म्हणाल्या, काका वाक्याच्या मध्ये चहा पीत नाहीत," औषधवाल्यांनी भर घातली.

साहेबांच्या अंगावर काटा आला. गोळी कमी झाली असती तर? इतकी माणसं एका माणसाच्या श्वासावर कान ठेवून बसतात, एकाचं सुटलं तर दुसरा पकडतो, आणि वर कुणी मोठेपणा मिरवत नाही, हे त्यांनी सरकारी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. त्यांना अगदी भरून आलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पण रविवारी आक्का वाट बघेल हो."

"हे आधी सांगायचं ना काका! मी समजावते त्यांना," म्हणत सिस्टरांनी तिथूनच फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"नाही येणार?" पलीकडून आक्का म्हणाली. "बरं... झालं. म्हणजे... त्याच्या तब्येतीला... जप म्हणावं."

सिस्टरांची भुवई वर गेली. "आक्का, दम लागलाय का?"

"छे गं! आत्ताच... जिना चढून आले."

साहेब खाटेवरून ओरडले, "आक्का, तुझं घर तळमजल्यावर आहे!"

डॉक्टर, औषधवाले, आहारबाई सगळे फोनभोवती गोळा झाले. पाय सुजलेत का, उशा किती घेता, रात्री उठून बसावं लागतं का? आक्का आधी टाळाटाळ करत राहिली. मग रडतच म्हणाली, "त्याला कळलं असतं तर धावत आला असता. आधीच त्याचं हृदय अधू. म्हणून बोलले नाही."

तिच्या गावात असं पथक नव्हतं. तिथल्या डॉक्टरांशी बोलून सिस्टरांनी रुग्णवाहिका ठरवली आणि संध्याकाळच्या आत आक्का इथे येऊन पोचली. रविवारी तिचा ऐंशीवा वाढदिवस आला तेव्हा भाऊबहीण शेजारशेजारच्या खाटांवर होते. आक्काने हात लांब केला आणि भावाचा कान धरला.

"काट्याशी खोटेपणा करतोस?"

"आणि तू जिने चढतेस!"

"आक्का, सोडा त्यांना," सिस्टर धावत आल्या. "रक्तदाब वाढेल."

"कुणाचा गं? माझा की त्याचा?"

"कुणाचाही वाढू दे," सिस्टर दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसल्या, "निस्तरायचा मलाच आहे!"